गाड्या वाडीच्या खाली थांबवा, माणसं चालत येऊ द्या

मा. जिल्हाधिकारी, पुणे यांस,

विषय: सिंहगडाच्या पायवाटेसाठी आतकरवाडीच्या खाली वाहनतळ करण्याबाबत

सादर नमस्कार.

सिंहगडाच्या पायथ्याला मोठा वाहनतळ आणि पायवाटेची नीट सुरुवात करावी, अशी चर्चा अधूनमधून कानावर येते. ते व्हायलाच हवं. कुठे व्हावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. गाडीने जाणाऱ्याचा गड गोळेवाडीच्या नाक्यापासून सुरू होतो, पण चालत जाणाऱ्याचा आमच्या आतकरवाडीच्या अंगणापासून.

रविवारी पहाटे साडेचारला पहिली गाडी येते. दारं धाडधाड लागतात, हेडलाइटचा झोत खिडकीतून थेट आईच्या अंथरुणावर पडतो आणि तिची झोप तिथेच संपते. सहापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा भरून जातात. गोठ्यातून म्हशी बाहेर काढायच्या तर आधी दोन-तीन मोटारसायकली उचलून बाजूला ठेवाव्या लागतात. एकदा दिवाळीनंतर खळ्यात भात वाळत घातला होता. एक जण ताडपत्रीच्या कडेवरच चारचाकी लावून गडावर निघून गेला. अकराला उतरला, तोवर आम्ही त्या चाकांभोवतीचा भात सुपाने भरत होतो. माणूस वाईट नव्हता. ओशाळला, आमच्यासोबत खाली बसून दाणे वेचू लागला. त्याला दुसरी जागाच दिसली नव्हती.

भाताचं मी विसरलो असतो. वहिनीचं विसरता येत नाही. तिला कळा सुरू झाल्या तो रविवार होता, सकाळचे नऊ वाजलेले. जीप वाडीतून निघाली आणि पहिल्याच वळणावर अडकली. समोर एका ग्रुपची बस, तिच्या मागे गाड्यांची रांग, कुणालाच मागे सरता येईना. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिला मोकळ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं आणि तिथून दुसऱ्या गाडीने दवाखाना गाठला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण तेव्हापासून वाडीत कुणाचे दिवस भरत आले की आम्ही कॅलेंडरवर आधी वार बघतो.

म्हणून पहिली विनंती: वाहनतळ वाडीत किंवा वाडीला चिकटून नको. तो खाली, गोळेवाडी-डोणज्याच्या बाजूला करा. वाडीजवळ मोठी जागा दिली की कोंडी सुटेल असं नकाशा बघून वाटू शकतं. पण आत येणारा रस्ता एकच आहे आणि तो अरुंद आहे. जागा वाढली तरी रस्ता तेवढाच राहणार, आणि आत शिरलेली प्रत्येक गाडी त्याच रस्त्याने बाहेर पडणार. माघ वद्य नवमीला, तानाजी मालुसऱ्यांच्या पुण्यतिथीला, किंवा पावसात दरड पडून गडावर जाणारा गाड्यांचा घाटरस्ता बंद होतो तेव्हा काय होतं, ते बघायला या.

गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. जो माणूस तास-दीड तास चढून गडाचा पुणे दरवाजा गाठतो, त्याला खालून थोडं जास्त चालणं जड जाणार नाही. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी पीएमपीची, म्हणजे पुण्याची शहर बस पायथ्यापर्यंत येतेच. शनिवार-रविवारी पहाटेपासून तिच्या फेऱ्या वाढवून द्या. मे २०२२ मध्ये घाटात ई-बस सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत बंद पडल्या, म्हणून आता बसचं नाव काढलं की लोक मान हलवतात. पण ती सेवा घाटातली होती. डोणज्याहून आतकरवाडीला यायला तसा घाट चढावा लागत नाही.

आता घरातलीच एक गोष्ट. माझा चुलतभाऊ अंगणात गाड्या लावू देतो आणि त्याचे पैसे घेतो. त्याच पैशांतून पोरीच्या कॉलेजची फी जाते. त्याच्या पोटावर पाय येईल अशी योजना मी मागणार नाही, आणि मागितली तर वाडीत मला कुणी उभं करणार नाही. म्हणून वाहनतळ ग्रामसभेच्या ताब्यात द्या. पावत्या फाडणारी, गाड्या लावून घेणारी माणसं वाडीतलीच घ्या. जमीन संपादन करू नका, भाडेपट्ट्याने घ्या, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहू द्या. आज लोक गाडीतून उतरतात ते थेट पायवाटेवर. खालून चालत आले तर काकडी, ताक, लिंबू सरबत घेऊन बसलेल्या बायकांसमोरून जातील. त्या बायकांना बसायला सावली आणि हक्काची जागा तेवढी आखून द्या.

वाडीच्या वर वनखात्याची हद्द सुरू होते. तिथे वाहनतळ करायचा तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राची परवानगी काढावी लागेल. कृपा करून ती मागूच नका. रात्री त्या उतारावर बिबट्या फिरतो. पावसाळ्यात तिथले ओढे खडकवासल्याच्या धरणाकडे धावतात आणि ते पाणी पुणं पितं. खालच्या वाहनतळालाही काँक्रीट नको, मुरूम चालेल, म्हणजे पाणी जमिनीत जिरेल. दिवे लावाल ते खाली झुकलेले लावा.

आणि स्वच्छतागृह. याच्यावर बैठकांत कुणी फार बोलत नाही, म्हणून मी बोलतो. चढायच्या आधी बायका आमच्या दाराशी येऊन खालच्या आवाजात विचारतात. आम्ही कुणालाही नाही म्हणत नाही. पण उन्हाळ्यात आम्हीच पाणी मोजून वापरतो, आणि पन्नासाव्या बाईला हो म्हणताना आईचा चेहरा मला दिसतो. वाहनतळाच्या आधी स्वच्छतागृह बांधा, विहीर आणि ओढ्यापासून लांब बांधा, आणि ते रोज धुणाऱ्याचा पगार पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरा. नाहीतर दोन महिन्यांत त्याला कुलूप लागेल.

आराखडा तयार झाला की तो मराठीत, गट नंबरांसह, आठ दिवस देवळात लावून ठेवा. मग ग्रामसभा घ्या. फक्त ती रविवारी ठेवू नका, त्या दिवशी अर्धी वाडी वाटेवर विकायला बसलेली असते. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी ठेवा, धारा काढून झाल्यावर. सगळे येतील.

आपला नम्र,
आतकरवाडीचा एक रहिवासी