घोडखिंड पुठ्ठ्यात उभी करताना

कोल्हापूर,
दि. २ मे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या बंगळूरच्या मंडळींनी येत्या जुलैत घोडखिंडीची, म्हणजे पावनखिंडीची, लढाई छोटे सैनिक मांडून टेबलावर खेळायचे ठरवले आहे आणि डोंगर-खिंड उभी करण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, हे वाचून फार आनंद झाला. परदेशी बनावटीचे तयार टेरेन, म्हणजे टेबलावर मांडायचा नकली भूभाग, मागवावे की घरी करावे, असे तू विचारले आहेस. माझे स्पष्ट मत आहे की घरीच कर. पैसे वाचतील हे खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या तयार संचांतल्या टेकड्या बहुतेक युरोपातल्या असतात, गोल उताराच्या आणि मऊ हिरवळीच्या. आपला सह्याद्री तसा नाही, आणि तो जसा आहे तसा करायला खोक्याच्या पुठ्ठ्याइतके योग्य साहित्य मला दुसरे ठाऊक नाही.

सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झाला. त्यातला कठीण थर उभ्या कड्यासारखा राहतो, त्याच्यावरचा मऊ थर झिजून मागे सरकतो आणि तिथे गवताची आडवी पट्टी तयार होते; त्यावर पुन्हा कडा. विशाळगडाच्या वाटेवर कुठेही मान वर करून पाहिलेस तर ही आडवी रचना दिसते. पुठ्ठाही थरांनीच वाढतो. चार-पाच थर एकाच रेषेत चिकटवले की कडा होतो, पुढचा थर दोन बोटे आत घेतला की गवताची पट्टी होते. कडेची रेषा मात्र कात्रीने सरळ कापू नकोस. कटरने अर्धवट चिरून बाकीचा पुठ्ठा हाताने फाड, म्हणजे ती खरी वाटते.

पुठ्ठा कापण्याआधी खिंडीची रुंदी ठरव, कारण या लढाईत खिंड ही शोभेची वस्तू नाही. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे सुमारे ३०० मावळ्यांनिशी सिद्दी मसूदच्या कितीतरी मोठ्या फौजेला अडवून उभे राहिले, ते त्या अरुंदपणाच्या बळावर. टेबलावर खिंड दोन वीत रुंद झाली, तर नियम कितीही चांगले असोत, तुमचा खेळ पहिल्या काही फेऱ्यांतच मोठ्या फौजेकडे झुकेल. तुमचे सैनिक २८ मिलिमीटर उंचीचे आहेत असे तू लिहिले आहेस. हिशेब सोपा आहे: १ सेंटिमीटर म्हणजे साधारण २ फूट. सैनिकांचे बेस, म्हणजे पायाखालच्या बैठका, २५ मिलिमीटरचे धरले तर चार जण शेजारी-शेजारी उभे राहायला १० सेंटिमीटर लागतात. मी तोंडाशी १२ आणि सर्वांत चिंचोळ्या जागी ८ सेंटिमीटर ठेवीन, म्हणजे तिथे तिघांहून अधिक जण मावणारच नाहीत. ६ फूट लांब टेबलावर या प्रमाणात जेमतेम ११० मीटरांचा मुलूख बसतो. तेव्हा पन्हाळ्यापासूनची वाट दाखवण्याचा मोह सोडून दे आणि फक्त खिंड कर.

दोन्ही बाजूंचे कडे एकसंध करू नयेत. खिंड जेवढी खोल तेवढा आत हात घालणे अवघड, आणि खेळताना बाही लागून सैनिक आडवे होतात. म्हणून प्रत्येक बाजू फूट-फूट लांबीच्या सुट्या तुकड्यांत कर. ज्या तुकड्यापाशी हातघाई चालू असेल तो क्षणभर उचलून बाजूला ठेवता येतो. गवताच्या पट्ट्यांपैकी निदान काही ३ सेंटिमीटर रुंद ठेव, नाहीतर वरून दगड लोटणारे मावळे उभे कुठे करणार?

पुठ्ठ्याचा खरा शत्रू ओलावा आहे. एकाच बाजूला फेविकॉल लावला की पुठ्ठा वाळताना कमानीसारखा वाकतो. दोन्ही बाजूंना पातळ हात द्यावा, थरांच्या पुठ्ठ्यातल्या पन्हळी नळ्यांची दिशा आलटून-पालटून आडवी-उभी ठेवावी आणि रात्रभर पाटा किंवा जाड पुस्तकांची चळत वर ठेवावी. मोठ्या कामाला फेविकॉल महाग वाटला तर मैद्याची खळ चालते, पण तिला कसर आणि बुरशी लागते. जुने पुस्तकबांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालत असत ते याचसाठी. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मूल असल्यामुळे तू त्या वाटेला जाऊ नयेस, फेविकॉलच घ्यावास.

थरांच्या कडेला पुठ्ठ्याच्या नळ्यांची भोके दिसतात आणि तीच कामाचा सगळा रंग घालवतात. ती बुजवायला कागदाचा लगदा, वॉल पुट्टी आणि फेविकॉल एकत्र मळून घे. जिथे थर एकदम संपून उतार सुरू होतो तिथे दिवाळीच्या किल्ल्याची युक्ती वापर. आपण विटांवर चिखलात बुडवलेले पोते टाकत होतो, ते ज्या घड्या पडून बसे त्याच घड्या डोंगराच्या सोंडा होत. इथे पोते फार जाड पडते. जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून टाक आणि ओला असतानाच बोटांनी घळी दाब. वाळल्यावर तो टणक होतो. त्यावर पुन्हा फेविकॉल लावून रांगोळी भुरभुरावी. तिचा खरखरीत कण कातळाला हवा तसाच असतो.

थर्मोकोलबद्दल तू मुद्दाम विचारले आहेस. आपल्याकडे २०१८ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे, त्यामुळे मी फक्त टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून आलेला वापरतो, आणि तोही आत भराव म्हणून. कड्याच्या दर्शनी भागाला तो मला मुळीच आवडत नाही. कापला की गोल दाणे सुटतात आणि दगड दगडासारखा दिसत नाही. स्प्रेचा रंग त्याच्यावर थेट मारू नकोस, त्यातल्या द्रावकाने थर्मोकोल विरघळून खड्डे पडतात. तापलेल्या तारेने कापणार असशील तर खिडक्या उघड्या ठेव, तो धूर छातीत जाणे चांगले नाही. शिबंदीच्या चौकीसाठी किंवा घडीव दगडांसाठी फ्लेक्सच्या दुकानातून सनबोर्डाचे (फलकांसाठी वापरतात त्या हलक्या फोमच्या पाटीचे) उरलेले तुकडे माग. ते बहुधा टाकूनच देणार असतात. शाई संपलेल्या बॉलपेनने त्यावर दाबून रेघा ओढल्या की चिऱ्यांचे सांधे होतात.

आता रंग. इथे बहुतेक जण कातळाला राखाडी रंग देऊन त्यावर पांढरट कोरडा कुंचला फिरवतात. तो उन्हातला, एप्रिलमधला कातळ झाला. तुझी लढाई आषाढातली आहे, भर पावसातली, आणि ओला कातळ जवळजवळ काळा असतो. भिंतीच्या डिस्टेंपरमध्ये काळा आणि थोडा तांबडा स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) मिसळून पहिला हात दे. मग कुंचला कागदावर पुसून जवळजवळ कोरडा कर आणि गडद करडा रंग फक्त अगदी पुढे आलेल्या कडांवरून फिरव, तोही अगदी थोडा. आडव्या भेगांमध्ये शेवाळी हिरवा पाण्यासारखा पातळ करून सोड, तो आपोआप खाली ओघळतो. सगळे वाळल्यावर पाणी जिथून निथळेल अशा उभ्या पट्ट्यांवरच चकाकणारे वॉर्निश लाव. दुपारी खिडकीतून तिरपा उजेड पडला की त्या पट्ट्या खरोखर ओल्या भासतात, आणि माझ्या मते या सगळ्या कामात याहून समाधान देणारा टप्पा नाही.

खिंडीच्या तळाशी ओढा हवाच. त्यासाठी वाळल्यावर पारदर्शक होणारा फेविकॉल एकावर एक पातळ थर देऊन ओत. जाड ओतलास तर आतून दुधाळ राहतो. कड्यावरून पडणाऱ्या धारांसाठी पारदर्शक सिलिकॉन सीलंट प्लॅस्टिकच्या कागदावर लांबट पसरून काडीने उभे ओरखडे काढ, सुकल्यावर सोलून कड्याला चिकटव आणि पायथ्याशी कापसाचे थोडे तंतू लाव.

हिरवळीसाठी सुताराकडचा भुसा चहाच्या गाळणीतून चाळून पोस्टर कलरमध्ये कालव. एकच हिरवा करू नकोस. निदान तीन छटा कर आणि त्या मिसळून टाक. कारवीच्या रानासाठी भांडी घासायचा हिरवा स्क्रबर पकडीने ओरबाडून काढलेला फार छान दिसतो, झाडांच्या खोडांसाठी जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळ. वापरलेली चहापावडर पाचोळ्याला उत्तम, फक्त ती उन्हात कडक वाळव, नाहीतर आठवडाभरात पांढरी बुरशी येते.

सुट्या तुकड्यांवरून आठवले: एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या फोन राइसविट्झने लष्करी डावपेचांचा खेळ मांडला तो आधी वाळूत. १८१२ साली राजाला सादर करताना त्याने हव्या तशा जुळवता येणाऱ्या भूभागाच्या चौकोनी तुकड्यांचे खास मेज बनवले. सुटे तुकडे जोडून मुलूख उभा करायची कल्पना इतकी जुनी आहे.

मे महिन्यातच पुठ्ठ्याचे आणि पुट्टीचे काम उरकून घे, जूनच्या दमट हवेत लगदा वाळायला फार वेळ घेतो. सर्वांत चिंचोळ्या जागेचे दोन तुकडे मी इथे करून पाठवीन, कारण इथला कातळ रोज पाहायला मिळतो आणि रंग जुळवणे मला सोपे जाईल. त्यासाठी तुमच्या सैनिकांचे बेस गोल आहेत की चौकोनी आणि त्यांचे नेमके माप किती, हे उलट टपाली कळव. माप आल्याशिवाय मी पुठ्ठ्याला कटर लावणार नाही.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांस आशीर्वाद.

तुझा,
अविनाश