क्रमवारीची दिशा निविदेतच ठरवा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

सरकारी पोर्टलवरच्या तक्त्यात कॉलमच्या शीर्षकावर क्लिक केले की क्रम लागतो. पहिल्या क्लिकला तो चढता असावा की उतरता, हे मात्र बहुधा कोणी ठरवलेलेच नसते. लायब्ररी, म्हणजे तक्त्यासाठी वापरलेला तयार कोड, जे देईल ते चालते. नावाच्या कॉलमला चढता क्रम ठीक. तारीख, रक्कम, प्रलंबित दिवस यांत आधी ताजे किंवा मोठे बघायचे असते, तिथे पहिला क्लिक उतरताच हवा. डेटाटेबल्स या लायब्ररीत 'ऑर्डरसीक्वेन्स' या सेटिंगने हे कॉलमनिहाय जमते. 'शेरा' कॉलमवर क्रमवारी बंदच ठेवलेली बरी.

दिशा बरोबर असूनही क्रम चुकतो, तेव्हा आकडे मजकूर म्हणून तपासले जात असतात. मग उतरत्या क्रमात १५/१२/२०२३ ही तारीख ०२/०१/२०२५ च्या वर बसते आणि ९ हा आकडा १,२०,००० च्या डोक्यावर. तारीख दिसायला हवी तशी ठेवा, पण सेलच्या 'डेटा-ऑर्डर'मध्ये, म्हणजे फक्त क्रमासाठी वाचल्या जाणाऱ्या न दिसणाऱ्या मूल्यात, वर्ष-महिना-दिवस द्या. रकमेला स्वल्पविराम नसलेला आकडा. देवनागरी अंक तर जावास्क्रिप्टचे 'नंबर' ओळखतच नाही. उत्तर 'नॅन' (आकडा नाही) येते, वजाबाकी करून तुलना केली की ती जोडी सारखीच धरली जाते आणि क्रम विस्कटतो. एररही येत नाही, त्यामुळे चाचणीत हे हमखास निसटते.

सर्व्हर एका वेळी एकाच पानाच्या २५ ओळी पाठवत असेल आणि क्रम ब्राउझरमध्ये लागत असेल, तर त्या २५ ओळीच हलतात. 'सर्वात जुना अर्ज' भलत्याच पानावर राहतो. अशा वेळी क्रम सर्व्हरवर लावावा. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस उतरत्या क्रमात रिकाम्या नोंदी सर्वात वर आणतो, म्हणून 'नल्स लास्ट' (रिकाम्या शेवटी) लिहावे लागते. क्रमाच्या शेवटी अर्ज क्रमांकही जोडावा, नाहीतर सारख्या तारखांची एखादी ओळ दोन पानांवर दिसते आणि दुसरी कुठेच नाही. वेबपत्त्यातून (यूआरएल) आलेले कॉलमचे नाव थेट डेटाबेसच्या क्वेरीत घालणे म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनला, क्वेरीत परका आदेश घुसवण्याला, आमंत्रण. ते मान्य यादीशी ताडूनच घ्यावे.

शीर्षकात खरे बटण हवे, नुसता क्लिक झेलणारा मजकूर नको. क्रम लागलेल्या कॉलमलाच 'एरिया-सॉर्ट' हे दिशा सांगणारे गुणविशेष द्यावे आणि दिशा बदलली की तेही बदलावे, म्हणजे अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला दिशा कळते. बाकीच्यांना बाण दिसावा. केवळ रंग पुरत नाही.

आमची मागणी एवढीच: निविदेत प्रत्येक कॉलमपुढे डेटाचा प्रकार, पहिल्या क्लिकची दिशा आणि रिकाम्या नोंदींची जागा लिहावी. रिकाम्या तारखा, सारख्या रकमा आणि देवनागरी अंक असलेल्या नमुना तक्त्यावर चाचणी झाल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

आपले नम्र,
वेब तक्ते बांधणारे आणि तपासणारे