उताको ओकामोतो यांना अनावृत आभारपत्र

आदरणीय ओकामोतो मॅडम,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही; २०१६ साली, वयाच्या ९८व्या वर्षी तुम्ही गेलात. तरीही लिहितेय, कारण रक्तस्राव रोखणाऱ्या तुमच्या औषधासाठी कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या आम्हा लोकांकडून तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत.

दुखापतींमुळे जगात दरवर्षी सुमारे ४४ लाख माणसं दगावतात. रस्ते अपघातांतल्या मृत्यूंपैकी ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. वाहनं मात्र तिथे साठेक टक्केच. रात्री जखमी येतो, तेव्हा तिथे रक्त मिळेलच याची खात्री नसते, सर्जन यायचा असतो, स्कॅन दुसऱ्या गावात. नाडी जेमतेम लागते, हातपाय गार पडलेले. अशा वेळी आमच्या हाताशी असतं तुमचं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड: एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तास सलाईनमधून. फ्रीजही लागत नाही. जखमेवर धरलेली गुठळी शरीर स्वतःच विरघळवायला लागतं, ते हे औषध थांबवतं.

१९६२ साली तुम्ही आणि तुमचे पती शोसुके यांनी ते जगापुढे मांडलंत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमधल्या ओढाताणीत, मूल पाठीशी बांधून तुम्ही प्रयोगशाळेत उभ्या राहायचात म्हणे. तुमचा जीव अडकला होता बाळंतपणात रक्तस्रावाने जाणाऱ्या बायकांत, पण तेव्हा कुणी चाचणी घ्यायला तयार झालं नाही. (बाईनं बायकांसाठी काही मागितलं की असंच होतं!) जखमींवरची मोठी चाचणी २०१० साली आली: ४० देश, २० हजारांहून जास्त रुग्ण. मृत्यू शेकडा १६ वरून साडेचौदावर आले. दीड टक्का किरकोळ वाटतो, पण तो लाखांना लावून बघा. बाळंतिणींची चाचणी आली २०१७ला, तुम्ही गेल्यानंतर.

एक अडचण मात्र तुमच्या औषधालाही सोडवता आलेली नाही. ते तीन तासांच्या आत द्यावं लागतं, उशीर झाला तर उलट अपाय होऊ शकतो. ॲम्ब्युलन्स नाही म्हणून कुणाच्या तरी गाडीच्या हौद्यात पडून चौथ्या तासाला पोहोचलेला जखमी समोर असतो आणि ती कुपी ट्रेमध्ये तशीच ठेवावी लागते. अशा वेळी भयंकर चीड येते.

आता मांडीच्या स्नायूत दिलं तरी ते रक्तात झटकन भिनतं, असं दिसून आलंय. म्हणजे शीर शोधत बसायला नको. वाटेवरच्या लहान दवाखान्यातली नर्ससुद्धा ते टोचून पुढे पाठवू शकेल. आमच्याकडे रेफर करणाऱ्यांना मी सध्या हेच सांगत असते.

तुमची ऋणी,
रात्रपाळीची एक डॉक्टर