चाक काढणार नाही

नाशिक

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघांनी राहायला घेतलेल्या बोटीबद्दलचं तुझं पत्र मिळालं. ‘बोट घेतलीस ते ठीक, पण बोट ढकलणारं मागचं ते चाक काढ आणि सरळ पाण्याखालचा पंखा बसव,’ असं तू लिहिलंस. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये ज्याला ज्याला चित्र दाखवलं, तो हेच म्हणाला. पण तू भुसावळच्या शेडमध्ये इंजिनांखाली आयुष्य काढलेला माणूस. तुला नुसतं ‘नाही’ म्हणून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

बोट इथे गंगापूर धरणात का आणत नाही, ते आधी उरकतो. ते पाणी नाशिककर पितात. त्यावर डिझेलचं इंजिन आणि संडास घेऊन राहायला जाणं मला पटतच नाही. परवानगी मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न. आणि गावातली गोदावरी तर आपण लहानपणापासून पाहतोय. उन्हाळ्यात खडक उघडे पडतात, आणि पावसाळ्यात विसर्ग वाढला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागतं, कधी त्याच्याही वर जातं. तिथे घर तरंगत ठेवायचं कसं? तेव्हा बोट आहे तिथेच राहील, चिपळूणच्या खाली, वाशिष्ठीच्या खाडीत. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे वरून गोड्या पाण्याचा ओघ भर उन्हाळ्यातही असतो. खालून दाभोळकडून भरती चढते.

आता बोट. पर्यटकांना फिरवायला कुणीतरी बांधलेली, लांबी चौदा मीटर, रुंदी चार, तळ सपाट. धंदा बंद पडला आणि ती काठाच्या चिखलात रुतून राहिली. भंगारवाल्याने किलोचा भाव काढलाही होता, तेवढ्यात मी मध्ये पडलो. उधाणाच्या भरतीला ओढून वर घेतली, ओहोटीला खाली लाकडी ठोकळे सरकवले, आणि मग तळ नीट पाहता आला. कालवं आणि शिंपल्यांचा थर खरवडल्यावर सगळीकडे जाडी मोजून घेतली. मूळ पत्रा पाच मिलिमीटरचा. तळाला तो बराचसा शाबूत आहे. खरी झीज पाण्याच्या रेषेवर झालीय, जिथे लोखंड कधी ओलं, कधी सुकं आणि हवा सतत लागलेली. तिथे काही जागी तीनच मिलिमीटर उरलाय. तो सगळा पट्टा कापून नवीन पत्रा जोडतोय. वरून ठिगळ मारायला मी साफ नकार दिला, कारण दोन पत्र्यांमध्ये अडकलेलं खारं पाणी आतून कुरतडत बसतं आणि बाहेरून काही दिसत नाही. वाळूच्या मार्‍याने गंज पूर्ण काढून इपॉक्सी प्रायमर लागेल, आणि तळाला जस्ताचे ठोकळे. आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. पंखा चाकापेक्षा सरस आहे, हे भांडण १८४५ मध्येच मिटलंय. इंग्लंडच्या आरमाराने ‘रॅटलर’ ही पंख्याची आणि ‘अलेक्टो’ ही चाकांची अशा जवळपास सारख्या ताकदीच्या दोन आगबोटी शेपटीला शेपटी बांधून विरुद्ध दिशांना चालवल्या. रॅटलरने अलेक्टोला उलटं ओढत नेलं. शिवाय बोट समुद्रात हेलकावली की एका बाजूचं चाक हवेत फिरतं आणि दुसरं खोल बुडतं. हे सगळं मला मान्य आहे. पण ते समुद्राचं झालं. मला समुद्रात जायचंच नाही.

खाडीत ओहोटीला कंबरभरही पाणी नसतं. पंखा बोटीच्या तळाच्या आसपास, खोल फिरतो. तो गाळ उपसणार, जाळ्याचे तुकडे गुंडाळून घेणार, आणि काही अडकलं की कुणीतरी पाण्याखाली जायला हवं. वाशिष्ठीत मगरी आहेत, हे तुला सांगायला नको. चाकाचं तसं नाही. त्याचा बराचसा भाग पाण्याबाहेर, डोळ्यांसमोर. खालचं पातं जेमतेम बुडेल इतकंच पाणी त्याला लागतं. म्हणून तर उथळ नद्यांवर ही चाकं टिकली. कोलकात्याच्या गार्डन रीचला बांधलेली ‘ऑस्ट्रिच’ आगबोट ढाक्याहून दक्षिणेकडे उतारू नेत असे. वाफेचं इंजिन काढून तिथे डिझेल बसवलं, पण चाकं तशीच ठेवली. अमेरिकेत १९१४ ची ‘बेल ऑफ लुईव्हिल’ अजून मागच्या चाकावर चालते. आणि आपल्या मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ पुढच्या वर्षी सुएझपर्यंत गेली, तीसुद्धा चाकांवरच. मुंबईत हे काम दोनशे वर्षांपूर्वी जमत होतं, मग अंबडला आज का जमू नये?

नवं चाक इथेच करतोय. व्यास २.४ मीटर. बोट ताशी सात किलोमीटरने जावी एवढीच अपेक्षा. पाणी मागे सरकतं, निसटतं, म्हणून चाकाची कड बोटीपेक्षा वेगाने फिरायला हवी. पाव भाग निसटण्यात जातो असं धरलं की मिनिटाला साधारण वीस फेरे येतात. इंजिन मिनिटाला १५०० फेर्‍यांचं. म्हणजे ७५ पट कमी करायचं: पंधरास एकचा गिअरबॉक्स आणि पुढे पाचास एकची साखळी. मोठ्या आगबोटींच्या चाकात पाती पाण्यात शिरताना आणि निघताना उभीच राहतील अशी तिरक्या दांड्यांची रचना असते, त्यामुळे पाणी खाली थापटण्यात आणि वर उचलण्यात जोर वाया जात नाही. मी ती घेत नाही. खार्‍या चिखलात इतके खिळे-सांधे वंगणात ठेवणं दोन माणसांचं काम नव्हे. साधी, घट्ट पाती ठेवतोय.

आणि पाती लाकडाचीच! लोखंडाची कर, असं इथल्या फॅब्रिकेटरने फार आग्रहाने सांगितलं. पण पुरात वाहून आलेला ओंडका चाकात शिरला तर काहीतरी मोडणारच. मोडायची ती फळी मोडावी, शाफ्ट किंवा साखळी नको. बाभळीच्या फळ्या सिन्नरकडून आणल्यात. बैलगाडीच्या चाकासारखंच आहे ते सगळं: तुंबा, आरे, वर धाव. जुन्या सुताराला मी काही समजावायच्या आधीच त्याने आर्‍यांच्या जोडात कुठे पाणी साचेल ते बोटाने दाखवलं. इतका आनंद झाला मला, नाना, की त्या संध्याकाळी काम तिथेच थांबवून त्याच्याबरोबर चहाला बसलो.

एक गोष्ट मात्र तुला खास सांगायची आहे. चाकाचं सगळं वजन बोटीच्या टोकावर लोंबतं, आणि सपाट, लांब तळ त्याने हळूहळू वाकतो. ही बोटही मागे वाकलीय, दोरी लावली की दिसतं. मिसिसिपीवरच्या लोकांनी यावर उपाय काढला होता: मध्ये उभे खांब, त्यांवरून पुढून मागे लोखंडी सळया, आणि मध्ये आवळायचा पेच. आपणही तेच करतोय. पेच एकदम आवळायचा नाही. थोडा आवळायचा, सांधे बघायचे, पुन्हा थोडा. पत्र्याचं वेल्डिंग संपायच्या आधीच हे व्हायला हवं, नाहीतर वाकलेला आकार तसाच कायम होईल.

तुझ्या वहिनीने स्वयंपाकघराची जागा ठरवली आहे: डाव्या बाजूला, मोठी खिडकी, ओटा उभ्याने काम करता येईल असा. पाण्याची हजार लिटरची टाकी. काटकसरीने दोघांना दहा दिवस पुरेल. पण हजार लिटर म्हणजे एक टन, आणि तो रोज कमी होत जाणार. टाकी मागे ठेवली तर भरल्यावर चाक जास्त बुडेल, रिकामी झाल्यावर उचलेल, आणि दोन्ही वेळा जोर वाया जाईल. म्हणून टाकी अगदी मध्यावर, तळाशी. मैल्याची टाकीही वेगळी, खाडीत काहीही सोडायचं नाही; ही तिची अट आणि माझीही.

कागदपत्रं चालू आहेत. नदी-खाडीतल्या बोटींचा १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवीन आला आहे. नोंदणी आणि तपासणी दोन्ही लागतात. ते होईल. बोट काठाला बांधून ठेवायचं मात्र मी मनावर घेतलंय. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात काय झालं ते तू विसरला नसशील. म्हणून दोरांवर विसंबायचं नाही. काठाजवळ उंच लोखंडी खांब रोवून त्यांवर सरकती कडी बसवणार, म्हणजे पाणी चढलं की बोट खांबाला धरूनच वर जाईल.

आता तुझं काम. चाकाचा शाफ्ट १०० मिलिमीटरचा, दोन टोकांना दोन बेअरिंगं, दोन्ही उघड्यावर, पाण्याचे शिंतोडे सतत. बंद बॉल बेअरिंग घ्यावं की दोन फाकांचं गनमेटलचं, ग्रीस भरून? मला दुसरं बरं वाटतं, कारण ते जागेवर उघडून बदलता येतं. पण बोट तरंगल्यावर तिचा आकार किंचित बदलतो, आणि शाफ्ट सरळ बसवायला जमिनीवर लावलेली रेघ पाण्यात चुकते. ती रेघ पाण्यावरच लावायला हवी, आणि ते काम मी दुसर्‍या कुणाच्या हाती देणार नाही. दिवाळीनंतर सगळे भाग सुटे करून ट्रकने कसारा घाटातून खाली जातील. तू आधी नाशिकला ये, इथूनच बरोबर जाऊ. डायल गेज आणि फीलर गेज घेऊन ये. इथली मला भरवशाची वाटत नाहीत. राहायची सोय गावात केली आहे, आणि बेअरिंगबद्दल त्याआधी फोन कर, कारण ओतकामाला महिना लागतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ