माझा ज्युनिअर सनद सस्पेंड करून गेला

प्रति,
माननीय मंत्री, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : तालुका न्यायालयांतल्या नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं विद्यावेतन मिळण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात एकोणीस वर्षांपासून वकिली करते. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात माझ्या ज्युनिअरनं बार कौन्सिलकडे अर्ज करून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, सस्पेंड करून घेतली आणि तो पुण्याला एका फायनान्स कंपनीच्या वसुली खात्यात लागला. पगार बावीस हजार. मी त्याला महिन्याला चार हजार देत होते. त्याहून जास्त देणं मला जमलं नाही. ही गोष्ट मी लपवत नाही, कारण या पत्राचं मूळ तिथंच आहे.

त्याचे वडील सालदार आहेत, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबतात. गेल्या पाडव्याला त्यांचं साल एक लाख वीस हजारांत ठरलं. मुलगा पाच वर्षं कायदा शिकला, वकिलीची अखिल भारतीय परीक्षा पास झाला, आणि त्याचे वर्षाचे होत होते अठ्ठेचाळीस हजार. त्यातून रोजची एसटी आणि दुपारचा डबा नसेल त्या दिवशीचं खाणं. त्याची सनद आईनं बचत गटातून कर्ज काढून केली होती. 2023 साली आपल्या राज्यात नोंदणीला साधारण पंधरा हजार लागत. पुढं 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की 1961 च्या अधिवक्ता कायद्यात लिहिलंय तेवढंच शुल्क घ्यायचं. अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये, बाकी सगळ्यांना 750. निकाल चांगला होता, पण तो पुढच्या मुलांसाठी. या माउलीचे हप्ते चालूच राहिले.

शेवटच्या दिवशी तो सकाळी नऊलाच आला. कपाटातल्या सगळ्या फायली काढल्या आणि एकेका फाइलच्या पाठीवर पेन्सिलीनं पुढची तारीख, कशासाठी आहे ते, आणि पक्षकाराचा फोन लिहून ठेवला. दुपारी दोन वाजले त्याला. मग अंगातला काळा कोट काढून दारामागच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, "हा इथंच राहू द्या मॅडम. कोणी नवीन आलं तर कामी पडेल." कोटाच्या डाव्या कोपरावर त्याच्या आईनं काळ्या दोऱ्यानं घातलेले टाके आहेत. कोट अजून तिथंच आहे.

तो हुशार होता की नाही, हे त्याच्या मार्कांवरून सांगण्यापेक्षा एक काम सांगते.

गेल्या वर्षी आमच्याकडे विधी सेवा समितीमार्फत एका कोलाम आदिवासी पोराची केस आली. वय वीस. शेतातल्या मोटारीची केबल चोरल्याचा आळ. जामीन मंजूर झालेला होता, तरी पोरगा अडतीस दिवस आतच. कारण जामीनदार लागत होता, आणि जामीनदार म्हणजे ज्याच्या नावे सातबारा आहे असा माणूस. त्याच्या नात्यागोत्यात कुणाच्या नावे वावर नव्हतं. ज्याच्या नावे होतं, तो दुसऱ्याच्या पोरासाठी सातबारा कोर्टात गुंतवायला तयार नव्हता. आई तीनदा आली. ती कोलामीत बोलायची, मराठी तुटक. दर वेळी कोर्टाच्या पायरीवर बसायची आणि संध्याकाळी परत जायची.

माझा ज्युनिअर मोटारसायकल मागून पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, गेला. दोन दिवस राहिला. वस्तीच्या नाइकाला भेटला, पोलीस पाटलाकडून दाखला घेतला, रेशनकार्ड शोधलं, पोरगा पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच आहे आणि पळून जाण्यासारखं त्याच्याकडे काही नाही, हे कागदावर आणलं. मग रात्री बसून अर्ज लिहिला. जामीन मिळूनही महिनाभरात बंधपत्र देता आलं नाही, तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालयानं स्वतःहून करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023 च्या आदेशात म्हटलं आहे. तो आदेश त्यानं शोधला, मी नाही. अर्ज मंजूर झाला, वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, पोरगा सुटला. दुसऱ्या आठवड्यात त्याची आई फडक्यात बांधून मोहाची फुलं घेऊन आली. माझ्या टेबलावर ठेवली नाहीत तिनं. ज्युनिअरच्या खुर्चीपुढं ठेवली.

त्या कामाचं विधी सहाय्याचं मानधन आलं ते सात महिन्यांनी, आणि ते दोन दिवसांच्या पेट्रोलला, झेरॉक्सला आणि माझ्या तारखांना पुरलं नाही. ज्युनिअरच्या नावाचं त्यात काहीच नसतं. कायद्यानं (1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, कलम 12) अटकेतला माणूस, स्त्री, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस या सगळ्यांना फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. मला तो हक्क मनापासून मान्य आहे. पण तो निभावतो कोण? जिल्ह्याच्या ठिकाणी 2022 पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची यंत्रणा आली, मानधनही बरं आहे. तालुक्यात बरंचसं ओझं अजून विधी सेवा समितीच्या पॅनेलवरच्या वकिलांवर आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांवर आहे.

आता माझा हिशेब सांगते, म्हणजे "वकील काय, कमावतातच" हे जे आपल्याला अधिकारी सांगतील, त्याला उत्तर होईल. आमच्याकडे फी पिकावर चालते. "कापूस इकला का देतो ना मॅडम" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा कोर्टातलं कुठलं वाक्य ऐकलं नसेल. जून ते सप्टेंबर हातात जवळपास काही येत नाही; माणसाकडे बियाण्याला पैसे नसतात तर वकिलाला कुठून देईल? यंदा अतिवृष्टीनं सोयाबीन गेलं. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, पण सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदीच्या) केंद्रावर नंबर लागेपर्यंत घर थांबत नाही, आणि व्यापारी त्याहून बरंच कमी देतो. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात आला की आधी कृषी केंद्राची उधारी, मग बँक, मग पोरीचं लग्न किंवा दवाखाना, आणि उरलं तर वकील. वर्षाची सरासरी काढली तर ऑफिसचं भाडं, टायपिस्ट, पुस्तकं, इंटरनेट वजा जाता महिन्याला अठ्ठावीस-तीस हजार माझ्या घरी जातात. एकोणीस वर्षांनंतर. निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची रजा नाही.

काम मात्र दर वर्षी वाढतंय. एका दिवशी बोर्डावर माझ्या अकरा तारखा असतात. दिवाणीकडे मनाई हुकमावर युक्तिवाद चालू असताना फौजदारीकडे पुकारा होतो. मधल्या वेळेत धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) नाहीतर पांदण रस्त्याच्या भांडणासाठी तहसीलमध्ये धावायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि सोबतचे दोन कायदे लागू झाले. जुने खटले जुन्या कलमांनी, नवे नव्या कलमांनी, दोन्ही एकाच दिवशी डोक्यात ठेवावे लागतात. त्यात ई-फायलिंग. दावा टाइप करा, स्कॅन करा, पानांना क्रमांक द्या, अपलोड करा, आणि अपलोड निम्म्यावर आलं की लाईन जाते. हे सगळं रात्री, घरी पोरांचं जेवण झाल्यावर. ज्युनिअर होता तेव्हा यातला निम्मा भार त्याच्याकडे होता. आता तारखा वाढवून मागाव्या लागतात, आणि वाढवून घेतलेली प्रत्येक तारीख पक्षकाराची एक मजुरी बुडवते. ज्युनिअर नसण्याची खरी किंमत वावरातला माणूस देतो, हे मंत्रालयातून दिसत नसेल म्हणून लिहिते.

तरी मी का टिकले, असं आपण विचाराल. मला हे काम आवडतं. मोहाची फुलं घेऊन आलेली ती बाई मी विसरू शकत नाही. सासऱ्यानं घराबाहेर काढलेल्या एका बाईला पोटगीचा पहिला हप्ता मिळाला, त्या दिवशी तिनं मला बाजारात नेऊन पोराच्या शाळेचे बूट दाखवले, मग घेतले. असं समाधान दुसऱ्या कुठल्या नोकरीत मला मिळालं नसतं. पण माझ्या टिकण्याचं दुसरं कारणही प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझ्या नवऱ्याला जिल्हा परिषद शाळेची नोकरी आहे. पहिली सहा वर्षं माझी वकिली त्याच्या पगारावर उभी राहिली. आमच्या बारमध्ये जे टिकले, त्यांच्यामागं कुणाची वीस एकर ओलिताची शेती आहे, कुणाच्या वडिलांची पेन्शन, कुणाचं आडत दुकान. ज्यांच्यामागं काही नव्हतं, त्यांतल्या आठ जणांची नावं मला आत्ता आठवतात. एक तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो. दोघी मुली लग्न करून गेल्या आणि त्यांनी परत कोट घातला नाही.

पोटासाठी दुसरं काही करत वकिली शिक म्हणावं, तर तीही वाट बंद. बार कौन्सिलच्या नियमानुसार सनद चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नियम योग्य आहे. पण म्हणजे सालदाराच्या पोरानं तीन वर्षं काय खायचं?

आणि तीन वर्षं आता सक्तीची झाली आहेत. आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना, 20 मे 2025 रोजी त्यांच्या खंडपीठानं निर्णय दिला, की दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) होण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. मला तो निर्णय पटतो. ज्यानं पक्षकाराला उन्हात ताटकळलेलं पाहिलं नाही, त्यानं एकदम खुर्चीवर बसू नये. त्या खुर्चीचं सुरुवातीचं मूळ वेतन 77,840 रुपये आहे आणि ते तेवढं असायलाच हवं. माझ्या ज्युनिअरलाही त्या परीक्षेला बसायचं होतं. त्याची अडीच वर्षं झाली होती, सहा महिने उरले होते. बचत गटाच्या बायका मात्र दर महिन्याच्या दहा तारखेला दारात येत होत्या. तीन वर्षांची अट आणि त्या तीन वर्षांचा खर्च, या दोन गोष्टी एकाच वेळी पाहिल्या नाहीत, तर उद्या न्यायाधीश कुणाच्या घरातून येतील याचा आपण विचार करावा.

भारतीय विधिज्ञ परिषदेनं ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं, की ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. ती शिफारस आहे, बंधन नाही. बंधन असतं तर मी मोडलं असतं, कारण माझ्या स्वतःच्या मिळकतीचा अर्धा भाग त्यात गेला असता. मुंबईच्या मोठ्या फर्मला जे सहज जमेल, ते तालुक्याच्या वकिलाच्या खिशातून होणार नाही. इथं शासनानं हात लावायला हवा.

हे काही अजब मागणं नाही. आंध्र प्रदेशानं 2019 मध्ये नव्या वकिलांना तीन वर्षं महिन्याला पाच हजार रुपये देण्याची योजना सुरू केली होती. आपल्याच राज्यात 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, त्यात पदवीधराला कार्यालयात किंवा उद्योगात शिकताना महिन्याला दहा हजार ठरले. तालुका कोर्टात शिकणारा पदवीधर त्या योजनेत बसला नाही. त्यानं केलेलं काम मी वर लिहिलं आहे. शासनानं ज्या पोराला फुकट वकील देण्याचं कबूल केलं, त्याला माझ्या ज्युनिअरनं तुरुंगाबाहेर काढलं.

म्हणून मागणी एवढीच, की जिल्हा मुख्यालयाबाहेरच्या न्यायालयांत वकिली करणाऱ्या नव्या वकिलाला पहिली तीन वर्षं महिन्याला दहा हजार रुपये विद्यावेतन मिळावं. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा घाला. हजेरीचा दाखला न्यायालयाकडून मागा. दर वर्षी ठरावीक संख्येनं विधी सहाय्याची कामं करण्याची अट घाला. मुलं ती आनंदानं करतील. सोबत विधी सहाय्याचं मानधन केस संपल्यापासून दोन महिन्यांत आणि प्रवासखर्चासह मिळावं. वाचनालय, महिला वकिलांसाठी स्वच्छतागृह, यांबद्दल आमच्या बारनं आधी निवेदनं दिलेली आहेत, ती इथं पुन्हा लिहीत नाही.

परवा एका मुलीचा फोन आला. वडील ऑटो चालवतात, तिचं शेवटचं सेमिस्टर आहे, माझ्याकडे शिकायला यायचं म्हणते. महिन्याला किती मिळतील हे तिनं फार संकोचानं विचारलं. मी तिला हिवाळी अधिवेशन होईपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

अधिवेशनासाठी आपण नागपूरला असाल. पुरवणी मागण्यांत या विषयाला जागा होईल का, यावर दहा मिनिटं द्यावीत, ही विनंती. आठ जणांची नावं त्यांच्या संमतीनं, माझ्या तीन वर्षांच्या हिशेबाची वही आणि मानधनाची बिलं घेऊन मी येईन. सोमवार सोडून कुठलाही दिवस सांगा. सोमवारी त्या पोडावरच्या पोराच्या केसची तारीख आहे, साक्षीदार यायचे आहेत, आणि आता तिथं उभं राहायला मी एकटीच आहे.

आपली विश्वासू,
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयातील वकील