खिळ्यांच्या केसेबद्दल आप्पांना जाहीर आभारपत्र

ती. आप्पा,
शि. सा. नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा हल्ली आधी बैठकीच्या भिंतीपाशी जातो. तिथे तुमच्या छापखान्यातली खिळ्यांची केस, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं ठेवायची खणाखणांची लाकडी पेटी, टांगली आहे आणि तिच्या खणाखणांत माझ्या लेकीचा खजिना मांडला आहे. नर्मदेतले गोटे, सागरगोटे, गुंजा, शंख, गायकवाडी पैसा, जुन्या कुलपाची किल्ली. तुम्ही यायच्या आधी हे सगळं चपलांच्या खोक्यात होतं आणि दर दिवाळीच्या साफसफाईत ते फेकण्यावरून घरात वाद व्हायचा.

उभा जन्म तुम्ही जुळारी म्हणून, खिळे जुळवून मजकूर लावण्यात काढलात, मराठी आणि गुजराती दोन्ही. देवनागरीला जोडाक्षरांमुळे खण किती लागतात, ते केस पाहूनच कळतं. छापखाना बंद झाल्यावर ती भंगारात गेली असती तर कुणी विचारलंही नसतं. तुम्ही ती जपलीत आणि एका शाळकरी मुलीला दिलीत, याचं मोल मला पुरतं ठाऊक आहे.

शिवाय नुसती दिली नाहीत. खिळे म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी, आणि कोपऱ्यात साठलेली करडी धूळ शिशाची, ती पोरीच्या हाताला लागता कामा नये, हे तुम्हीच सांगितलंत. हातमोजे घालून, ओल्या फडक्यानं एकेक खण तुम्ही स्वतः पुसलात. कोरडा झाडू फिरवू दिला नाहीत, कारण धूळ उडते. लेकीला त्या दिवशी खोलीत पाऊलही टाकू दिलं नाहीत. ती रुसली, तरी तुम्ही ऐकलं नाहीत.

पण खरे आभार चिठ्ठ्यांचे. चांदोदहून आणलेला तांबूस गोटा तिनं मोठ्या कौतुकानं पहिल्या खणात ठेवला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "दगड सगळीकडे मिळतो गं. हा कुठला, ते लिही." मग तिला वही आखून दिलीत: क्रमांक, वस्तू, कुठे मिळाली, केव्हा, कुणी दिली. तोच क्रमांक खणातल्या चिठ्ठीवर. लिहायचं पेन्सिलीनं, कारण पावसाळी दमटपणात शाई पसरते. वस्तूचं नाव ठाऊक नसेल तर ती जागा कोरी सोडायची, अंदाजानं भरायची नाही; नाव पुढेमागे कुणीही सांगेल, पण ठिकाण आज लिहिलं नाही तर ते कायमचं गेलं. आता ती कुठलीही वस्तू हातात घेतली की पहिल्यांदा "कुठून आली?" असं विचारते. शुक्रवारी बाजारातल्या जुन्या सामानवाल्यालाही विचारते. तांब्याच्या पैशावरचं संवत 1948 तिनं स्वतः वाचलं, सत्तावन्न वजा करून 1891 काढलं, आणि सयाजीराव महाराजांचा काळ म्हणून चिठ्ठीत लिहिलं.

खंबातच्या अकीकाची चिठ्ठी सगळ्यात लांब आहे आणि मला सगळ्यात आवडते. कारागिरानं मणी घडवताना उडालेला तो एक टवका, बाजारभावानं कवडीमोल. पण तुमच्या सांगण्यावरून तिनं माहिती काढली. हा दगड भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून येतो. उन्हात वाळवून मग मडक्यांत घालून शेणीच्या मंद आचेवर भाजला की त्यातल्या लोहामुळे तो लाल होतो. आपल्या गुजरातेतच, लोथलला, हडप्पाकालीन मण्यांचा कारखाना सापडला आहे. चार हजारांहून अधिक वर्षं हेच काम याच मुलखात चालू आहे. हे सगळं एका नखाएवढ्या टवक्यामागे उभं आहे, आप्पा.

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वान आणि धनवान लोक घरात अद्भुत वस्तूंच्या खोल्या थाटत. कोपनहेगनच्या ओले वर्म नावाच्या वैद्याची खोली फार गाजली. तिची सूची त्याच्या मृत्यूनंतर, 1655 मध्ये छापली गेली. त्या काळी ज्याला एकशिंग्या या काल्पनिक घोड्याचं शिंग म्हणून सोन्याच्या भावानं विकत, तो नारव्हाल या समुद्री प्राण्याचा दात आहे, हे त्यानं कवटी तपासून 1638 मध्ये दाखवलं. हे लेकीला वाचून दाखवलं, तेव्हा "आप्पा पण असंच विचारतात" असं ती लगेच म्हणाली.

आपल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयातही तुम्ही तिला नेलंत. महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा सगळेच बघतात; तुम्ही तिला त्याच्या शेजारची पाटी वाचायला लावलीत. शंखांवर पांढरी पूड का धरते, तेही तुम्ही तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारून आलात: बंद पेटीतल्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि शंखाचा चुना खाते. तेव्हापासून आमचे शंख काचेच्या छोट्या बरण्यांत आहेत.

आणि विश्वामित्रीच्या काठी कुणीतरी तिला मगरीचा दात देऊ केला, तेव्हा तुम्ही ठाम नाही म्हणालात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो घरात ठेवता येत नाही, हे तिला समजावलंत. रडू आलं तिला. पण तुम्ही तो खण रिकामा ठेवायला लावला नाहीत. तिनं दाताचं चित्र काढलं, खाली "विश्वामित्री, पाहिला, घेतला नाही" असं लिहिलं. पाहुणे त्या खणापाशी सर्वांत जास्त थांबतात, आणि ती मोठ्या ऐटीत सगळी हकीकत सांगते.

खालच्या ओळीत एक रुंद खण तिनं अजून राखून ठेवला आहे. गणपतपुऱ्याच्या गोरखचिंचेखाली पडलेलं फळ मिळालं तर तिथे ठेवायचं आहे, वरची मखमली लव शाबूत असलेलं. फळ मोठं निघालं तर बाहेरच्या फळीवर जागा करू, असंही ठरलं आहे. थंडीत जाऊ या म्हणते. चिठ्ठी लिहून तयार आहे, "कुणी दिली" या रकान्यात तुमचं नाव घालूनही झालं आहे. तेव्हा आप्पा, केव्हा निघायचं तेवढं कळवा. डबा मी करते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सूनबाई