किनाऱ्यावरच्या नोंदीला तारखेबरोबर भरती-ओहोटीही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शरदाच्या सुरुवातीला किनाऱ्यावर दिसलेल्या पक्ष्यांची आणि इतर जीवांची छायाचित्रे वाचकांकडून मागवून छापण्याचा आपला उपक्रम मी नेमाने पाहतो. मात्र बहुतेक छायाचित्रांखाली 'दुर्मीळ पाहुण्याचे आगमन' एवढीच ओळ असते. पक्षी कोणत्या तारखेला, किती वाजता, किती संख्येने दिसला आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, यातले काहीच तिथे नसते. ही माहिती नसेल तर उत्तम छायाचित्रही अभ्यासाच्या दृष्टीने निम्म्याहून अधिक वाया जाते, असे माझे मत असल्याने हा पत्रप्रपंच.

आधी भरतीविषयी. चिखल्या, तुतवार, पाणटिवळा यांसारख्या पक्ष्यांचा दिवस सूर्यापेक्षा समुद्राच्या पाण्यावर ठरतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते दूरवर पांगून किडे आणि बारीक शिंपले टिपत राहतात. पाणी चढले की उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने विसाव्याला येतात. बहुतेक किनाऱ्यांवर लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे सकाळची भरती दुसऱ्या दिवशी जवळजवळ 50 मिनिटे उशिरा येते. सुरुवातीची काही वर्षे मी दर सोमवारी सकाळी ठीक सातला किनाऱ्यावर जात असे. वहीत एका सोमवारी 300 आणि पुढच्या सोमवारी 11 असा आकडा मांडून 'थवा निघून गेला' असा शेराही मी मारला होता. थवा कुठेच गेलेला नव्हता; सात दिवसांत भरतीची वेळ जवळजवळ सहा तासांनी सरकली होती आणि मी भरतीऐवजी ओहोटीला जाऊन उभा राहिलो होतो. त्या वहीतली कितीतरी पाने आज निरुपयोगी आहेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती टिपायला महागडा कॅमेरा लागत नाही, थोडे थांबून पाहावे लागते. सायबेरियाच्या उत्तरेकडील टुंड्रा प्रदेशात वीण करणाऱ्या कर्ल्यू सँडपायपर या वाकड्या चोचीच्या लहान पक्ष्याचे उदाहरण घ्या. त्याचे प्रौढ पक्षी आधी दक्षिणेकडे निघतात, त्यांतही नर सर्वांच्या पुढे असतात आणि यंदाची पिल्ले आईबापांशिवाय, मागाहून, आपली वाट आपणच काढत येतात. शरदाच्या सुरुवातीला पोहोचलेल्या प्रौढ पक्ष्याच्या छातीवर विणीच्या काळातल्या विटकरी रंगाचे ठिगळ अजून शिल्लक असते. पिल्लाच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला मात्र फिकट कड असते, त्यामुळे पाठ खवल्यांची असल्यासारखी भासते आणि छातीवर हलकी बदामी झाक दिसते. ज्या वर्षी टुंड्रातील लेमिंग या उंदरासारख्या प्राण्यांची संख्या कोसळते, त्या वर्षी तिथले कोल्हे पक्ष्यांच्या अंडी-पिल्लांवर तुटून पडतात आणि शरदात किनाऱ्यांवर पिल्ले फार थोडी दिसतात. म्हणजे हजारो किलोमीटरांवरच्या उन्हाळ्यात काय घडले, याचा अंदाज चिखलातल्या थव्यातली पिल्ले मोजून बांधता येतो. एका ठिकाणच्या मोजणीवरून असे काही ठरवता येत नाही, हे खरे. अनेक किनाऱ्यांवरच्या नोंदी एकत्र याव्या लागतात, आणि वृत्तपत्राचा उपयोग नेमका तिथेच आहे.

पिल्ले एकटी येतात याचे नवल वाटत असेल तर ऑक्टोबर 2022 मधली नोंद पाहावी. बार-टेल्ड गॉडविट जातीचा जेमतेम पाच महिन्यांचा पाणटिवळा अलास्काहून निघून 11 दिवसांत सुमारे 13,560 किलोमीटर न थांबता उडत टास्मानियाला उतरला. त्याच्या अंगावर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र होते म्हणून हे कळले. सगळ्याच पक्ष्यांवर असे यंत्र बसवणे शक्य नसते. काहींच्या पायात धातूचे कडे किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी असते, तिचा रंग, तिच्यावरची अक्षरे आणि ती कोणत्या पायात आहे, एवढे वाचकाने लिहून पाठवले तरी त्या पक्ष्याचा प्रवास जुळवता येतो. छायाचित्र सुंदर दिसावे म्हणून चौकटीतून पक्ष्याचे पाय वगळणाऱ्यांना ही विशेष विनंती.

याच दिवसांत किनाऱ्यावर चतुरांचे थवे दिसतात, त्यांचीही तारीख टिपावी. भटका चतुर हा कीटक भारताकडून समुद्र ओलांडत ऑक्टोबरच्या सुमारास मालदीव बेटांवर पोहोचतो आणि पुढे आफ्रिकेकडे जातो असे मानले जाते.

शेवटी छायाचित्रकारांविषयी थोडे कडक लिहितो. उडत्या थव्याचे छायाचित्र पाहिले की मला आधी तो कोणी उडवला, हा प्रश्न पडतो. भरतीच्या वेळी विसावलेला थवा पुन्हापुन्हा उठवला तर पुढच्या प्रवासासाठी अंगावर साठवलेली चरबी तिथेच खर्ची पडते. टिपणे थांबवून पक्ष्यांनी माना वर केल्या, की आपण मागे सरावे. आपण अशी छायाचित्रे छापणे बंद केलेत, तर ती काढण्याचा हव्यासही कमी होईल.

'सकाळी 9:10, भरती ओसरू लागून एक तास, एकूण 46, त्यांत यंदाची पिल्ले 7' एवढी ओळ 'दुर्मीळ पाहुण्या'च्या जागेत सहज मावते. आणि ज्या दिवशी वाचक तासभर थांबूनही त्याला एकही पक्षी दिसला नाही, त्या दिवशीचे छायाचित्र अर्थातच नसेल. पण ते शून्यही तारीख-वेळेसह छापावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक